पेज, ॲलन

पेज, ॲलन सेड्रिक : (७ ऑगस्ट १९४५). अमेरिकन फुटबॉलमधील बचाव फळीचे खेळाडू आणि पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. जन्म ओहायो राज्यातील कँटन येथे. याच गावात १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलमधील थोर खेळाडूंचे गौरवदालन ‘हॉल ऑफ फेम’ उघडले. त्या इमारतीच्या बांधकामावर तरुण पेज मजूर म्हणून राबले होते. पंचवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, तिथेच त्यांचा अर्धपुतळा बसला.

नोत्र दाम विद्यापीठाच्या १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघातून खेळल्यावर १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने त्यांना पहिल्याच फेरीत निवडले. त्यांची जागा ‘डिफेन्सिव्ह टॅकल’ची, म्हणजे बचाव फळीच्या ऐन मध्यावर. इथे समोरच्या धिप्पाड खेळाडूंना रेटून चेंडूवाल्याची वाट अडवायची असते. हे काम सहसा अवजड माणसांकडे जाते. पेज यांची मदार मात्र चपळाईवर होती. चेंडू हलताक्षणी ते दोघांमधल्या फटीतून निसटत आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूने, चेंडू फेकण्याआधीच त्याला गाठत. कार्ल एलर, जिम मार्शल व गॅरी लार्सन यांच्यासह त्यांची चौकडी ‘पर्पल पीपल ईटर्स’ (जांभळे नरभक्षक) म्हणून गाजली. जांभळा हा व्हायकिंग्जच्या गणवेशाचा रंग. १९६९ च्या हंगामातील १४ सामन्यांत या संघाने प्रतिस्पर्ध्यांना मिळून केवळ १३३ गुण करू दिले. सुपर बोल हा अजिंक्यपदाचा अंतिम सामना मात्र व्हायकिंग्जने पेज यांच्या काळात चार वेळा गाठला आणि चारही वेळा गमावला.

बचावपटूच्या कामाचा हिशेब ठेवणे अवघड असते. पुढे सरकलेले यार्ड आणि गुण आक्रमकांच्या नावावर चढतात. अडवणाऱ्याच्या खात्यात पडते ते न घडलेले. म्हणूनच १९७१ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून पेज यांना निवडले, याला फार महत्त्व आहे. हा मान मिळवणारे ते पहिले बचावपटू. त्यानंतर तो आणखी एकाच बचावपटूला मिळाला : लॉरेन्स टेलर, १९८६. (मधल्या काळात, १९८२ मध्ये, तो चक्क एका किकरला, म्हणजे फक्त चेंडूला लाथ मारण्यापुरत्या मैदानात येणाऱ्या खेळाडूला, देण्यात आला.) क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणे, म्हणजे ‘सॅक’, याची वैयक्तिक अधिकृत नोंद एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल संघटनेने १९८२ पासून ठेवली. पेज १९८१ च्या हंगामानंतर निवृत्त झालेले, त्यामुळे अधिकृत यादीत त्यांच्या नावावर एकही सॅक नाही. संशोधकांनी मागाहून जुन्या सामन्यांवरून काढलेला आकडा १४८.५ आहे.

पत्नी डायान सिगारेट सोडण्यासाठी धावू लागल्या, तेव्हा पेजही धावू लागले आणि त्यांना त्याची गोडी लागली. वजन उतरू लागले. प्रशिक्षक बड ग्रँट यांना त्या जागेवर इतका सडपातळ माणूस नको होता. १९७८ च्या हंगामाच्या मध्यावर व्हायकिंग्जने त्यांना मोकळे केले आणि शिकागो बेअर्सने अवघ्या १०० डॉलरच्या शुल्कात त्यांना घेतले. हा निर्णय व्हायकिंग्जला शोभला नाही. पेज त्यानंतर आणखी तीन हंगाम खेळले, आणि १९७९ मध्ये मॅरेथॉन पूर्ण करून, तसे करणारे ते एनएफएलमधील पहिले खेळते खेळाडू ठरले. कारकिर्दीत ते सलग २१८ सामने खेळले. एकही चुकवला नाही.

कायद्याचे शिक्षण त्यांनी खेळता खेळताच घेतले. आधीचा एक प्रयत्न त्यांनी अर्ध्यावर सोडला होता. मग मिनेसोटा विद्यापीठातून १९७८ मध्ये पदवी मिळवली. पुढे त्यांनी राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात काम केले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात. १९९२ मध्ये गव्हर्नरांनी विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवल्याने निवडणूकच टळणार होती. पेज यांनी त्याविरुद्ध दावा लावला, तो जिंकला, आणि मग निवडणूकही जिंकली. त्या न्यायपीठावरील ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. आणखी तीनदा निवडून येऊन सत्तरीच्या सक्तीच्या वयोमर्यादेमुळे ते २०१५ मध्ये निवृत्त झाले.

पेज दांपत्याने १९८८ मध्ये स्थापन केलेली ‘पेज एज्युकेशन फाउंडेशन’ ही संस्था मिनेसोटातील गोऱ्यांखेरीज इतर वर्णांच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. अट एकच : शिष्यवृत्ती घेणाऱ्याने लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा. २०१८ मध्ये पेज यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेतील सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी मिनीॲपोलिसमधील एका शाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते : ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’.