अठरा पूर्ण झाल्यावर: कायदेशीर पालकत्वाचा अर्ज आणि कुठे राहायचं याचा हक्क

बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की कायद्याने सज्ञान होते आणि आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व तिथे संपतं. मग बँक किंवा रुग्णालय पालकत्वाचं प्रमाणपत्र मागू लागतं. ते नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ च्या कलम १४ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते. जिल्हाधिकारी, नॅशनल ट्रस्टकडे (या कायद्याने स्थापलेली केंद्रीय संस्था) नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे या समितीत असतात. कोर्टात जावं लागत नाही.

हा कायदा चारच प्रकारांना लागू आहे: स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), मतिमंदत्व (बौद्धिक अक्षमतेसाठी कायद्यातला जुना शब्द) आणि बहुविकलांगता. त्यामुळे दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरचा शब्द आधी वाचा. ‘मानसिक आजार’ आणि ‘बौद्धिक अक्षमता’ यांत बोलताना नेहमी गल्लत होते. दाखल्यावर ती झाली असेल तर अर्ज तिथेच अडतो. दुरुस्ती आधी करून घ्या.

अर्ज फॉर्म ए मध्ये करायचा. आईवडील, भावंडं, इतर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तो करू शकते. पालक होणारी व्यक्ती भारतीय नागरिक व सज्ञान हवी, गुन्ह्यात शिक्षा झालेली किंवा दिवाळखोर ठरलेली नको. पाल्य, म्हणजे जिच्यासाठी पालकत्व हवं ती व्यक्ती, स्त्री असेल तर एकट्या पुरुषाचा विचार होत नाही.

सोबत दिव्यांगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), पाल्याचा वयाचा पुरावा, दोघांचे ओळख आणि रहिवासाचे पुरावे, नातं दाखवणारं रेशनकार्डासारखं कागदपत्र, फोटो आणि पालक होणाऱ्याची संमती जोडा. आईवडील हयात नसतील तर मृत्यूचे दाखले. भावंडं असतील तर त्यांची लेखी ना-हरकत आधीच घ्या, म्हणजे पुढचे वाद टळतात. जिल्ह्यागणिक यादीत थोडा फरक पडतो. आधार आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर अर्ज परत येऊ शकतो. आणि समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी एवढीच कायद्याची अट आहे, म्हणून एका त्रुटीपायी पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते.

आता फॉर्मचा सगळ्यात महत्त्वाचा भाग: पालकत्व कशासाठी हवं. समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात. पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामांसाठी. इथे ‘सर्व बाबींसाठी’ असं लिहू नका. ‘बँक खातं चालवणं, कौटुंबिक निवृत्तिवेतन घेणं, शस्त्रक्रियेला संमती देणं’ असं नेमकं लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १४ म्हणतं की दुसऱ्या कायद्याखाली नेमलेला पालकही मर्यादित पालक म्हणूनच काम करेल, म्हणजे निर्णय दोघांनी मिळून, पाल्याची इच्छा विचारात घेऊन. त्याच कायद्याच्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. कुणालाही एखाद्या ठरावीक ठिकाणीच राहायला भाग पाडलं जाऊ नये, असा त्याचा रोख आहे. पालकत्वाचा कागद हातात आला म्हणून माणसाला न विचारता वसतिगृहात ठेवणं हा त्याचा वापर नव्हे, आणि हे आम्ही ठासून सांगतो.

विचारायचं कसं? ‘तुला तिथे राहायचंय का?’ या प्रश्नाला बरेच जण सवयीने ‘हो’ म्हणतात. घराचा आणि निवासगृहाचा फोटो समोर ठेवा, दोन वेगळ्या दिवशी, फोटोंच्या जागा बदलून. आधी एक दिवस, मग एक-दोन रात्री राहून येऊ द्या. परतल्यावर झोप, भूक, कपड्यांची पिशवी पुन्हा भरायला घेतली की लपवली, हे टिपून ठेवा. बोलता न येणाऱ्याचं उत्तर असंच मिळतं. ही टिपणं तारखेसह अर्जाला जोडली तर समितीपुढे इच्छा मांडायला ठोस आधार मिळतो.

निवासगृह निवडताना २०१६ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र पाहा. ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी नॅशनल ट्रस्टची ‘घरौंदा’ आणि तात्पुरत्या निवासासाठी ‘समर्थ’ योजना आहे.

मंजुरी मिळाली की फॉर्म बी मध्ये नियुक्ती होते. नंतरच्या तारखा बऱ्याच जणांच्या हातून निसटतात: पाल्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी नेमणुकीपासून सहा महिन्यांत फॉर्म सी मध्ये, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, वर्षाचा हिशेब फॉर्म डी मध्ये. पालक आबाळ करत असेल किंवा पैसे हडपत असेल, तर कलम १७ प्रमाणे आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी त्याच समितीकडे अर्ज करू शकते.