पहाटे धावायला पाऊल का उचलत नाही?

दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची दृश्ये पाहून पुष्कळ लोक पहाटे धावायला जाण्याचा निश्चय करतात. नवे बूट येतात, साडेपाचचा गजर लागतो, आणि आठवड्याभरात तो गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढून घेणे सुरू होते. मग घरचे लोक आणि तो माणूस स्वतःही एकच निदान करतात, की इच्छाशक्ती कमी पडली. माझ्या मते हे निदान चुकीचे आहे, आणि त्यामुळेच त्यावर केलेले उपायही टिकत नाहीत.

झोपेतून जाग आली म्हणजे सगळा मेंदू एकाच क्षणी जागा झाला, असे होत नाही. मेंदूच्या तळाकडील, जागेपण राखणाऱ्या भागांचा रक्तपुरवठा लवकर पूर्ववत होतो. कपाळामागचा जो भाग पुढचा विचार करतो आणि तात्पुरत्या मोहाला आवर घालतो, त्याला मात्र आणखी पंधरा मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. या अवस्थेला निद्राजडता म्हणता येईल. ‘उठू की नको’ हा प्रश्न आपण नेमका अशा वेळी स्वतःला विचारतो, म्हणून त्याचे उत्तर आदल्या रात्रीच ठरलेले असावे आणि कपडे, मोजे, बूट उशाशी काढून ठेवलेले असावेत. मात्र काहींना ही जडता पाच मिनिटांत सोडते आणि काहींना तासभर सोडत नाही. याचे एक मोठे कारण जैविक घड्याळात आहे.

१७२९ साली द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा ऊन मिळत नसतानाही तिची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. वेळ मोजणारे काहीतरी सजीवाच्या आतच असावे, याचा हा पहिला पुरावा होता. माणसात या घड्याळाचे मुख्य केंद्र हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागात, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंची जिथे फुली होते त्याच्या अगदी वर असते आणि त्यात सुमारे २०,००० पेशी असतात. या पेशींमधील काही जनुके जी प्रथिने तयार करतात, तीच प्रथिने साठत गेल्यावर आपल्या जनुकांचे काम थांबवतात. प्रथिने विघटित झाली की जनुके पुन्हा चालू होतात, आणि हे आवर्तन पूर्ण व्हायला साधारण एक दिवस लागतो. फळमाशीत ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे आवर्तन बहुतेक माणसांत २४ तासांपेक्षा काही मिनिटे मोठे असते, म्हणजे ते रोज जुळवून घ्यावे लागते. हे काम प्रकाश करतो. दृष्टिपटलात चित्र पाहणाऱ्या पेशींव्यतिरिक्त मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात; त्यांचे मुख्य काम भोवती उजेड किती आहे हे या केंद्राला कळवण्याचे असते आणि निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. तोच प्रकाश घड्याळाला कधी पुढे सरकवतो, तर कधी मागे. शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सर्वांत कमी असते. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळ पुढे आणतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी जाग लवकर येते; त्याआधीचा, रात्रीचा प्रकाश घड्याळ मागे ढकलतो. आता जो माणूस रोज एकला झोपून आठला उठतो, त्याचा तापमानाचा नीचांक सहाच्या सुमारास येतो. त्याने एकदम साडेपाचचा गजर लावला, तर निद्राजडता सर्वाधिक असते अशा वेळी तो उठतो, आणि उठल्याबरोबर प्रखर दिवे लावले तर घड्याळ उलट मागे जाण्याचा संभव असतो. हाच माणूस दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे लवकर उठत गेला, उठल्यावर बाहेरच्या उजेडात गेला आणि रात्री नऊनंतर घरातले दिवे मंद ठेवू लागला, तर नीचांकही त्याच्याबरोबर अधिक लवकरच्या वेळेकडे सरकत जातो. मग गजर तोच असला, तरी उठणारे शरीर वेगळे असते.

पहाटेबद्दल समाजमाध्यमांवर फिरणारे दावे येथे खोडून काढले पाहिजेत. ब्राह्ममुहूर्तावर हवेत प्राणवायू जास्त असतो हे खरे नाही. त्याचे प्रमाण दिवसभर सुमारे २१ टक्केच असते. ओझोन तेव्हा जमिनीजवळ उतरून फुप्फुसे शुद्ध करतो हे तर धोकादायक असत्य आहे, कारण जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना घातक असतो आणि तो उन्हामुळे मुख्यतः दुपारी वाढतो. उलट हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकल्याने शहरांतील धूर आणि धूळ पहाटेच अधिक साचलेली असू शकते.

मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. म्हणजे ज्या महिन्यात हा निश्चय सर्वाधिक केला जातो, त्याच महिन्यात साडेपाचला घड्याळ जुळवणारा उजेड मिळत नाही. घरातल्या दिव्याखाली प्रकाश एकदोनशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर सूर्य थोडा वर आल्यावर उघड्यावर ढगाळ हवेतही तो हजारो लक्स भरतो. म्हणून हिवाळ्यात धावण्याची सुरुवात करणाऱ्याने पहिले काही आठवडे साडेसहा-पावणेसातला निघावे आणि धावून झाल्यावर लगेच घरात न शिरता, ऊन अंगावर येईपर्यंत अर्धा तास बाहेरच चालावे.