लांडगे मारून कॅरिबू वाचतील?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा प्रांतांत कॅरिबू ही हरणं वाचवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून लांडग्यांवर गोळ्या झाडल्या जातात. लांडगे कॅरिबू मारतात, हे खरंच. पण हे दोन्ही प्राणी हजारो वर्षं शेजारी राहत आले. मग कॅरिबू आताच का संपायला लागले?

कॅरिबू आणि रेनडिअर ही एकच जात. हरणांच्या कुळात माद्यांनाही शिंगं असलेली ही एकमेव. टुंड्रातले कॅरिबू प्रचंड कळपांनी फिरतात. दक्षिणेच्या अरण्यांतले मात्र जुन्या सूचिपर्णी जंगलात विखरून राहतात आणि हिवाळा मुख्यतः दगडफुलावर काढतात. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याच गटातलं. ते अतिशय सावकाश वाढतं, त्यामुळे पोटभर मिळायला जंगल जुनंच लागतं. अशा जंगलात मूस या थोराड हरणाला खाण्यासारखं फारसं नसतं. मूस कमी, म्हणून लांडगेही कमी. कॅरिबू सुरक्षित होते ते यामुळे.

जंगल तोडलं की तिथे कोवळी झुडपं उगवतात. ती खायला मूस आणि इतर हरणं येतात, आणि मागोमाग लांडगे वाढतात. मूसला जुळीही होतात. कॅरिबूच्या मादीला वर्षाला एकच पाडस. लांडग्यांचं पोट मुख्यतः मूसवर भरतं, कॅरिबू ते जाता-येता मारतात. म्हणून कॅरिबू कितीही घटले तरी लांडग्यांची उपासमार होत नाही आणि त्यांची संख्या उतरत नाही. सगळ्यात घातक गोष्ट ही आहे.

त्यात तेलाच्या शोधाची भर पडली. जमिनीखाली स्फोट करून तेलाचा अंदाज घेण्यासाठी जंगलातून सरळ रेषेत पट्टे तोडले गेले. अशा पट्ट्यांवरून लांडगे दाट जंगलापेक्षा दोन-तीन पट वेगाने जातात. दलदलीच्या जमिनीत हे पट्टे कित्येक दशकं भरून येत नाहीत. आता काही ठिकाणी तिथे मातीचे उंचवटे करून रोपं लावतात, आडवे ओंडके टाकतात.

अरण्यातले कॅरिबू वाचवण्याच्या २०१२च्या केंद्रीय आराखड्याने त्यांच्या प्रत्येक क्षेत्रातला किमान ६५ टक्के अधिवास अबाधित राखायचं ठरवलं. तेवढं राखूनही कळप स्वबळावर तगण्याची शक्यता ६० टक्केच. मला हे फार तोकडं वाटतं.

तरीही आशा आहे, आणि ती ब्रिटिश कोलंबियातल्या क्लिन्से-झा कळपाने दाखवली. २०१३मध्ये तिथे ३८ कॅरिबू उरले होते. वेस्ट मोबर्ली आणि सोटो या दोन आदिवासी समाजांनी पुढच्या वर्षापासून गाभण माद्यांना डोंगरावरच्या कुंपणात ठेवायला सुरुवात केली. लोक हाताने दगडफूल गोळा करून त्यांना भरवतात, राखणदार तिथेच मुक्काम करतात, आणि पाडसं सशक्त झाली की उन्हाळ्यात सगळ्यांना मोकळं सोडतात. बाहेर लांडगेही मारावे लागले. एकट्या कुंपणाने भागलं नसतं. काही वर्षांत कळप शंभरावर गेला.

या लोकांना पुढचंही दिसत होतं. जंगल राहिलं नाही तर गोळीबार आणि कुंपण कायमच चालू ठेवावं लागणार. २०२०मध्ये त्यांनी केंद्र आणि प्रांत सरकारांशी अधिवास राखण्याचा करार केला, आणि २०२४मध्ये क्लिन्से-झा उद्यान वाढवून सुमारे २ लाख हेक्टरांचं झालं. दक्षिणेच्या बाकी बहुतेक कळपांच्या वाट्याला असं काही आलेलं नाही. त्यांच्या डोंगरांत तोड चालूच आहे.