इंकजेट प्रिंटर : छपाईतील दोष व त्यांचे निदान

घरगुती इंकजेट प्रिंटरवर अक्षरे फिकी येणे, मजकुरातून पांढऱ्या रेघा जाणे, रंग पालटणे, उभ्या रेषा दुहेरी दिसणे, पानाच्या कडेला शाईचे डाग पडणे हे छपाईचे नेहमीचे दोष आहेत. त्यांचे मूळ बहुधा चार ठिकाणी सापडते : शाई सोडणारी छिद्रे, ही छिद्रे असलेल्या फिरत्या भागाची म्हणजे हेडची जुळणी, कागद आणि संगणकातील सेटिंग. दोष कोणता आहे ते छापलेल्या पानावरच वाचता येते. तरीही पान नीट न पाहता ‘हेड क्लीनिंग’ म्हणजे छिद्रे साफ करण्याची आज्ञा मारण्याची सवय फार पसरलेली आहे. या सवयीपायी शाई वाया जाते, ती शोषणारे प्रिंटरच्या पोटातील पॅड लवकर भरते आणि मूळ दोष अनेकदा जागच्या जागी राहतो.

छपाई कशी होते

इंकजेट प्रिंटरच्या हेडला केसापेक्षा बारीक छिद्रांची रांग असते. त्यांना नोझल म्हणतात. एका थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर भरते. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लक्ष कोटीवा भाग. भारतात घरोघरी दिसणाऱ्या एप्सन एल ३११० या मॉडेलमध्ये काळ्या शाईसाठी १८० आणि प्रत्येक रंगासाठी ५९ नोझल असून सर्वांत लहान थेंब ३ पिकोलिटरचा असतो.

थेंब बाहेर फेकण्याच्या दोन पद्धती आहेत. उष्णतेच्या पद्धतीत नोझलमागची सूक्ष्म तापपट्टी काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि त्याच्या रेट्याने थेंब सुटतो. १९७७ मध्ये कॅनन कंपनीतील संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचे तापलेले टोक शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईतून शाई उडाली. त्या निरीक्षणातून कॅननची ‘बबल जेट’ पद्धत उभी राहिली. एचपीने स्वतंत्रपणे हेच तत्त्व विकसित करून १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ बाजारात आणला. दुसरी पद्धत पिझो. तीत विजेचा दाब दिल्यावर आकार बदलणारा स्फटिक शाई ढकलतो. तापवण्याचा प्रश्न येत नाही. एप्सन आणि ब्रदर यांचे प्रिंटर या पद्धतीने चालतात.

हा फरक दुरुस्तीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. एचपीच्या बहुतेक छोट्या कार्ट्रिजमध्ये (शाईच्या डब्यांत) हेड कार्ट्रिजवरच असते, त्यामुळे नवे कार्ट्रिज टाकले की नवे हेड मिळते. पिझो हेड मात्र प्रिंटरमध्ये कायमचे बसवलेले असते आणि महाग असते. शाईच्या टाकीचे प्रिंटर २०१० मध्ये एप्सनने प्रथम इंडोनेशियात आणले. पुढे भारतात ते झपाट्याने पसरले आणि घरगुती छपाईचा खर्च खूपच उतरला. पण हेड जपण्याची जबाबदारी त्याबरोबर वापरणाऱ्यावर आली, आणि ही गोष्ट विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते.

पानावरून निदान

हेड आडवे फिरते आणि कागद उभा सरकतो. एवढे ध्यानात ठेवले की अर्धे निदान झाले. एखादे नोझल बंद असेल तर त्याच्या वाटणीची आडवी पट्टी कोरी राहते, म्हणून आडव्या पांढऱ्या रेघा बहुधा नोझलच्या असतात. त्या ठरावीक अंतराने येत असतील आणि नोझल चेक (नोझल तपासण्यासाठी छापलेला नकाशा) स्वच्छ असेल, तर कागद पुढे सरकण्याच्या मापात चूक आहे असे समजावे. हेड जाताना आणि येताना छापलेले थेंब एकमेकांशी जुळले नाहीत तर उभ्या रेषा दुहेरी किंवा कातरल्यासारख्या दिसतात. हा जुळणीचा दोष आहे आणि कितीही क्लीनिंग केले तरी तो जात नाही.

देवनागरी मजकुरात हे दोन्ही दोष रोमन लिपीपेक्षा लवकर उघडे पडतात. शिरोरेखा हेडच्या प्रवासाच्याच दिशेने जाते. जवळची दोन-तीन नोझल बंद पडली तर एखाद्या ओळीची शिरोरेखा आरपार चिरते किंवा नाहीशीच होते, आणि खालची अक्षरे मात्र धड असतात. जुळणी बिघडली की काना आणि दंड दुहेरी होतात. म्हणून मराठी मजकुराचे एक भरगच्च पान छापून त्याची शिरोरेखा आणि काने पाहणे ही घरच्या घरी करता येणारी चांगली परीक्षा आहे.

रंग पालटला असेल तर कोणती शाई येत नाही हे रंगावरूनच ओळखता येते. किरमिजी म्हणजे मॅजेंटा बंद असेल तर चेहरे हिरवट येतात, निळसर सायन बंद असेल तर सगळे चित्र लालसर होते, पिवळा बंद असेल तर जांभळट झाक येते. फोटो उत्तम आणि मजकूर मात्र फिका, अशी तक्रारही वारंवार येते. ग्लॉसी कागदावर बरेच प्रिंटर काळा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून बनवतात आणि साध्या कागदावर काळी शाई वापरतात. तेव्हा अशा वेळी काळ्या शाईच्या नोझलकडे पाहावे.

प्रिंटरबरोबर स्कॅनर असेल तर झेरॉक्स प्रतीत दिसणारा दोष छपाईचाच असेल असे नाही. संगणकावरून छापलेले पान स्वच्छ आणि प्रतीवर मात्र डाग, असे असेल तर स्कॅनरची काच पुसावी.

नोझल चेक

प्रत्येक इंकजेटमध्ये नोझल चेकची सोय असते. बारीक रेषांचा एक नकाशा छापला जातो आणि त्यात प्रत्येक नोझलच्या वाट्याला एक छोटा तुकडा येतो. तुकडा गाळला गेला तर ते नोझल शाई सोडत नाही. हा नकाशा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन पाहावा. पिवळसर दिव्याखाली पांढऱ्या कागदावरच्या पिवळ्या रेषा जवळजवळ दिसत नाहीत, आणि ‘पिवळा ठीक आहे’ असा निष्कर्ष चुकीचा निघतो.

एका चेकवर थांबू नये. पहिला चेक, मग एक क्लीनिंग, मग दुसरा चेक, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहावे. गाळलेल्या जागा त्याच राहिल्या तर त्या छिद्रांत शाई वाळली आहे. जागा दर वेळी बदलत असतील, म्हणजे आधी बंद असलेले नोझल सुरू आणि सुरू असलेले बंद, तर शाईच्या वाटेत हवा शिरली आहे किंवा शाईचा पुरवठा अपुरा पडतो आहे. या दुसऱ्या प्रकारात क्लीनिंगवर क्लीनिंग मारणे घातक ठरते. हवा बाहेर पडायला वेळ लागतो; काही न छापता प्रिंटर नुसता ठेवला तरी पुष्कळदा चेक सुधारतो. एप्सनच्या सूचनांतही तीनदा चेक व क्लीनिंग करून फरक पडला नाही तर किमान १२ तास छपाई न करता थांबावे, असे सांगितलेले आहे. माझ्या मते संपूर्ण सूचनापुस्तिकेत इतकी उपयुक्त आणि इतकी दुर्लक्षित ओळ दुसरी नाही.

एखादा रंग नुकताच शाई भरल्यावर पूर्ण गायब झाला असेल तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात : टाकीतील पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का, नव्या कार्ट्रिजची पिवळी पट्टी काढली का, आणि काही जुन्या टाकीच्या मॉडेलना वाहतुकीसाठी शाई बंद करण्याची जी कळ असते ती उघडी आहे का.

स्वच्छता व तिच्या मर्यादा

क्लीनिंगमध्ये पंप हेडच्या तोंडून शाई ओढून घेतो. ती शाई कुठे नाहीशी होत नाही, प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. साध्या क्लीनिंगपेक्षा डीप क्लीनिंग किंवा पॉवर क्लीनिंग कितीतरी पट शाई खाते. पॉवर क्लीनिंगआधी सर्व टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असाव्या लागतात. नाहीतर टाकी तळाला जाऊन नळीत हवा शिरते आणि साध्या दोषाचा मोठा होतो.

थोडीच नोझल बंद असतील तर क्लीनिंगऐवजी ज्या रंगाची तक्रार आहे त्या रंगाने भरलेली दोन-चार पाने छापावीत. शाई फक्त त्याच रंगाची खर्च होते आणि सलग वाहणाऱ्या शाईने किंचित वाळलेली छिद्रे मोकळी होतात. उद्या अर्ज द्यायचा आहे आणि वेळ नाही, अशी अडचण असेल तर छपाईचा दर्जा ‘हाय’ करावा. त्यात हेड त्याच पट्टीवरून अनेकदा फिरते आणि बंद नोझलची जागा शेजारची नोझल भरून काढतात. उभ्या रेषा दुहेरी येत असतील तर ‘हाय स्पीड’ म्हणजे हेडच्या जाता-येता दोन्ही फेऱ्यांत होणारी छपाई बंद करून काम भागते. मग सवडीने हेड अलाइनमेंट म्हणजे हेडची जुळणी करावी.

हेडसकट येणारे कार्ट्रिज पार चोंदले असेल तर ते बाहेर काढून, कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेल्या टिश्यूवर नोझलची बाजू मिनिटभर टेकवून ठेवावी आणि मग टिपून घ्यावी. घासू नये, तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावू नये. डिस्टिल्ड पाणी औषधाच्या दुकानात मिळते. नळाच्या, विशेषतः बोअरवेलच्या पाण्यातील क्षार छिद्रांत बसतात, म्हणून ते वापरू नये. प्रिंटरमध्ये कायम बसलेल्या हेडवर सिरिंजने पाणी दाबून सोडण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्याने पिझो हेडचे नाजूक पडदे फाटू शकतात, पाणी विजेच्या जोडणीपर्यंत गेले तर मदरबोर्डही जळतो. अनुभवी हाताशिवाय हे करू नये.

उष्णतेच्या हेडचा एक वेगळा धोका आहे. तिथे शाई थंडाव्याचेही काम करते. टाकी रिकामी असताना छपाई चालू ठेवली तर तापपट्ट्या जळतात, आणि त्या नोझलला मग कोणताही उपाय लागू पडत नाही.

बंद करण्याची पद्धत

हेड वाळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डाने बंद करणे. काम संपल्यावर प्रिंटरचे स्वतःचे पॉवर बटण दाबले की हेड उजव्या कोपऱ्यातील रबरी टोपीवर जाऊन बसते आणि छिद्रे हवेपासून झाकली जातात. छपाई सुरू असताना बोर्ड बंद केला किंवा वीज गेली तर हेड मध्येच उघडे राहते. लोडशेडिंगच्या भागात वीज येताच प्रिंटर एकदा चालू करून बटणाने रीतसर बंद करावा, म्हणजे हेड टोपीवर जाते. टोपीच्या रबरावर वाळलेली शाई किंवा धूळ बसली असेल तर झाकण घट्ट बसत नाही आणि क्लीनिंगचा पंपही नीट ओढत नाही. डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ती कड हलकेच पुसावी.

मे महिन्यात घर बंद करून गावी गेलेली कुटुंबे जूनमध्ये शाळा उघडताना प्रिंटर सुरू करतात आणि निम्मे रंग येत नाहीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात शाईतील पाणी फार लवकर उडते. आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एक पान छापले तर ही वेळ येत नाही, आणि त्याला लागणारी शाई एका पॉवर क्लीनिंगच्या तुलनेत नगण्य असते.

कागद, शाई आणि सेटिंग

पावसाळ्यात कोकण, मुंबई, गोव्याकडे उलटी अडचण येते. उघडा पडलेला कागदाचा गठ्ठा ओल धरतो, अक्षरांच्या कडा फुटतात, कागद वाकतो आणि हेडला घासून शाईचे फराटे उठतात. रीम तिच्या वेष्टनातच ठेवावी आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद ठेवावेत. फराटे पानाच्या मागच्या बाजूला येत असतील तर रोलर माखलेले आहेत; कोरे कागद सोडत राहावे, डाग येईनासे होईपर्यंत.

फोटोपेपरला छापण्याची बाजू एकच असते. उलट्या बाजूवर शाई वाळतच नाही, थेंब गोळा होऊन बोटाला लागतात. शिवाय सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘प्लेन’ राहिला तर प्रिंटर शाईचे प्रमाण साध्या कागदाच्या हिशोबाने सोडतो आणि फोटो मळकट येतो. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो बहुधा आकुंचित झालेला असतो. ४ बाय ६ इंचांच्या चांगल्या छपाईला ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) हिशोबाने १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. तेवढे नसतील तर चेहरे धूसर येणारच, त्यात प्रिंटरचा दोष नाही.

शाई दोन प्रकारची : पाण्यात पूर्ण विरघळलेली डाय आणि सूक्ष्म कण तरंगणारी पिगमेंट. एकाच टाकीत दोन्हींची सरमिसळ झाली तर गाळ धरून हेड चोक होऊ शकते. स्वस्त पर्यायी शाई प्रत्येक वेळी वाईट असते असे नाही, पण ती आपल्या मॉडेलसाठी, त्याच प्रकारची आहे याची खात्री केल्याशिवाय टाकीत ओतू नये.

दुरुस्तीला कधी द्यावा

बारा तासांच्या विश्रांतीनंतर आणि एका पॉवर क्लीनिंगनंतरही गाळलेल्या जागा हलल्या नाहीत, एखाद्या रंगाचा नकाशाच उमटेना किंवा हेड फिरताना दणका बसल्यासारखा आवाज येऊ लागला, तर घरचे उपाय थांबवावेत. दणक्याचे कारण कधी कधी हेडच्या मागे ताणलेल्या पारदर्शक पट्टीवरची शाई किंवा ग्रीस असते. तिच्यावरील बारीक रेषा वाचून हेड आपली जागा ओळखते. ती पट्टी पुसणे सोपे आहे, पण ओढली गेली तर निसटते. दुरुस्तीला जाताना क्लीनिंगच्या आधीचे आणि नंतरचे नोझल चेकचे कागद तारीख घालून बरोबर न्यावेत. तंत्रज्ञाचा अंदाजाने हेड बदलण्याकडे कल असेल तर त्या कागदांवरून पंप, टोपी की हेड यावर बोलता येते. पॅड भरल्याचा इशारा देऊन प्रिंटर अडला असेल तर पॅड प्रत्यक्ष बदलून घ्यावे. काही नव्या मॉडेलमध्ये ते घरी बदलता येते. केवळ सॉफ्टवेअरने पॅड किती भरले याची मोजणी शून्यावर आणली तर छपाई सुरू होते, पण भिजलेले पॅड तसेच राहते आणि काही महिन्यांनी शाई टेबलावर उतरते.