पिढी (सोलापूरच्या संदर्भात)

पिढी म्हणजे घराण्यात बापापासून लेकापर्यंतचे एक पाऊल. आणि पिढी म्हणजे एकाच काळात वाढलेली, एकाच प्रसंगातून गेलेली माणसेही. ‘पिढीजात धंदा’ म्हणताना पहिला अर्थ असतो, ‘आमच्या पिढीने सोसले’ म्हणताना दुसरा. सोलापुरात हे दोन अर्थ फार काळ एकत्र नांदले, कारण कापडगिरणीत बापाच्या खात्यात मुलगा कामाला लागे. गिरण्या बंद झाल्या आणि ते वेगळे झाले.

घराण्यातली मोजणी जुनी आणि पक्की आहे. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे घेतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नाते, म्हणजे ज्यात लग्न चालत नाही असे जवळचे नाते, बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत धरले आहे, आणि त्यात मोजणारा स्वतः पहिली पिढी असतो. काळाच्या पिढीची मोजणी इतकी सोपी नाही. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ च्या निबंधात मांडले की एका वर्षी जन्मल्याने पिढी होत नाही. ऐन तारुण्यात एकाच उलथापालथीत सापडल्याने ती घडते. आज वापरात असलेले पट्टे मात्र जन्मसालाचेच आहेत: १९४६ ते १९६४ बेबी बूमर, १९६५ ते १९८० जेन एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, १९९७ ते २०१२ जेन झी. हे पट्टे अमेरिकेतले. महायुद्ध संपल्यावर तिथे जन्म वाढले, त्यावरून पहिल्या पट्ट्याला नाव पडले.

सोलापूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे हा हिशेब अडतो. कित्येकांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकलेली. जन्म विचारला तर उत्तर येते, ‘दुष्काळाच्या आदल्या साली’. दुष्काळ म्हणजे १९७२ चा. मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी, वाटपातली सुकडी आणि दुष्काळी कामावर खडी फोडणे ज्यांना आठवते ते एका पिढीचे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. त्याच्या कालव्यावर ऊस पाहत मोठे झालेले पुढच्या पिढीचे. प्रस्तुत लेखकाला ही मोजणी जन्मसालापेक्षा खरी वाटते, आणि मानहाइमच्या म्हणण्याशीही ती जुळते.

शहरात दुष्काळाची जागा गिरणीच्या भोंग्याने घेतली. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या गावांतून मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे आली. कामाचे तास ठरलेले आणि पगाराचा दिवस ठरलेला, हा अनुभव त्यांच्या घराण्यात पहिलाच होता. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर उठले ते या कामगारांच्या बळावर. गोळीबार झाला, लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. या पिढीचे कर्तृत्व म्हणजे हे बलिदान, आणि परक्या मुलखातून येऊन एक शहर आपले करणे.

त्यानंतरच्या पिढीबद्दल फारसे लिहिले जात नाही. जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, सरकारने अध्यादेश काढून ती हाती घेतली, आणि त्याविरुद्धचा खटला १९५० साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूही गेली. पुरुष यंत्रमागावर गेले: साखर पेठेत, अशोक चौकाच्या बाजूला, घरातच चादरीचे आणि टॉवेलचे माग. घर मात्र बऱ्याच ठिकाणी बाईने चालवले, विड्यांवर. पान रात्री भिजवायचे, ओल्या फडक्यात ठेवायचे, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचे. मग मांडीवर सूप. तंबाखूची चिमूट, बोटांचा एक वळसा, टोक दुमडले, दोरा गुंडाळला. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून टोके दुमडायला बसायची. हजार विड्या झाल्या की त्या कारखान्यात न्यायच्या. तिथे तपासणारा त्यातल्या काही बाजूला काढायचा आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत.

या बायकांच्या पिढीने मिळवलेली गोष्ट सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन डोळ्यांनी पाहता येते. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी घरांसाठी लढा दिला. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे झाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तिथल्याच रे नगर वसाहतीतली पहिली १५,००० घरे कामगारांच्या ताब्यात आली. पिढीचे कर्तृत्व मोजताना हे आधी मोजावे. उद्योगपती वालचंद हिराचंद (जन्म १८८२) आणि चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ साली वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, त्यांचा अभिमान रास्तच आहे. पण एकेका माणसाच्या मोठेपणावरून त्याच्या पिढीचा अंदाज येत नाही.

आजची पिढी आजीशी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दखनी उर्दू बोलत वाढली. २००४ मध्ये विद्यापीठ झाले, तरी नोकरीसाठी पुणे आणि हैदराबाद सुटले नाही. माग विकून मुलाची फी भरलेल्या बापाला ‘पिढीजात धंदा मोडला’ असे म्हणणारे आहेत; त्या बापाने धंदा मोडून पिढी उभी केली, असे या लेखकाचे मत आहे.

बाहेर गेलेली ही मुले संक्रांतीला परततात. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात आणि ते पेलायचा मान घराण्यांकडे वंशपरंपरेने असतो. त्याचा सराव आधीपासून चालतो. यात्रेच्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीत नातू ध्वजाखाली असतो आणि आजोबा शेजारून चालत त्याच्या पावलांकडे बघत असतात.