लिंकर मागे वळून पाहत नाही

सी शिकताना कधी ना कधी या दोन ओळींशी गाठ पडतेच:

जीसीसी -एलएम घात.सी
जीसीसी घात.सी -एलएम

जीसीसी हा सीचा कंपायलर, आणि '-एलएम' म्हणजे गणिताची लायब्ररी, अर्थात तयार फंक्शनांचा साठा, जोडायची सूचना. समजा, घात.सी या फाइलमध्ये घात काढणारं 'पॉव' हे फंक्शन वापरलं आहे. आजच्या उबुंटू लिनक्सवर पहिली ओळ चालवली, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू पॉव' अशी तक्रार येते आणि प्रोग्राम तयारच होत नाही. दुसरी ओळ मुकाट काम करते. शब्द तेच, फक्त जागांची अदलाबदल. 'लायब्ररी शेवटी लिहायची' एवढं पाठ करून बहुतेक जण पुढे जातात. पण दोनाच्या चार लायब्ऱ्या झाल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून असल्या, की हे पाठांतर अपुरं पडतं.

ही तक्रार कंपायलरची नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. मॅथ.एच या हेडरमध्ये 'पॉव'ची फक्त घोषणा असते: दोन डबल (दशांश संख्या) घेतो, एक डबल देतो. कंपायलरला तेवढं पुरतं. तो घात.सीचं यंत्रभाषेत रूपांतर करून ऑब्जेक्ट फाइल बनवतो, जिथे 'पॉव'चा पत्ता हवा तिथे जागा मोकळी सोडतो आणि 'हे नाव बाहेरून यायचं आहे' अशी नोंद करतो. त्या मोकळ्या जागा भरण्याचं काम लिंकरचं. लिनक्सवर जीसीसी त्यासाठी पडद्याआड 'एलडी' नावाचा वेगळा प्रोग्राम चालवतो.

एलडी कमांडमधल्या फाइली डावीकडून उजवीकडे वाचतो आणि न सापडलेल्या नावांची यादी जवळ ठेवतो. ऑब्जेक्ट फाइल आली, की ती पूर्ण घेतो. तिने पुरवलेली नावं यादीतून खोडतो, तिने मागितलेली वाढवतो. स्टॅटिक लायब्ररीला, म्हणजे '.ए' फाइलला, मात्र वेगळा न्याय. ती मुळात अनेक ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं असते. त्यातल्या ज्या फाइलीमुळे यादीतलं एखादं नाव सुटतं तेवढ्याच बाहेर काढल्या जातात. नव्या फाइलीने आणखी नावं मागितली तर त्याच गाठोड्यात पुन्हा शोध होतो. काही मिळेनासं झालं की लायब्ररी बाजूला. यादी हातात घेऊन बाजारपेठेतून एकदाच सरळ चालत जाणारा माणूस जसा वागेल, तसंच हे. वाण्याचं दुकान मागे पडल्यावर यादीत साखर चढली, तर साखर राहिलीच.

'-एलएम' आधी लिहिलं, तर लिंकर गणिताच्या लायब्ररीपाशी पोहोचतो तेव्हा यादीत 'पॉव' नसतंच. म्हणजे कुणी मागितलेलं नाही, म्हणून तो काही घेत नाही. चूक दाखवणारा संदेशही क्रमाबद्दल अवाक्षर काढत नाही. माझ्या मते नवशिक्यांचा खरा छळ तिथे आहे.

एकदाच वाचून पुढे जायची एवढी घाई कशासाठी? गाठोडी बांधणारा 'एआर' हा प्रोग्राम 1971 च्या पहिल्या युनिक्सपासून आहे, आणि त्या काळच्या पीडीपी-11 यंत्रांची मेमरी किलोबाइटमध्ये मोजावी लागे. सगळ्या लायब्ऱ्यांतली सगळी नावं एकदम लक्षात ठेवणं परवडणारं नव्हतं. सुरुवातीला तर गाठोड्याच्या आतल्या फाइलीही एकदाच, ओळीने वाचल्या जात. त्यामुळे त्यांचाही क्रम लावावा लागे, आणि तो लावण्यासाठीच 'टीसॉर्ट' लिहिला गेला. कोण कुणावर अवलंबून आहे याच्या जोड्या दिल्या, की तो सरळ क्रम काढून देतो. पुढे 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'रॅनलिब' आला. त्याने गाठोड्याला नावांची सूची जोडली आणि आतल्या क्रमाची कटकट संपली. बाहेरची राहिली.

शेअर्ड लायब्ररीची, म्हणजे '.एसओ' फाइलची, गोष्ट निराळी. ती प्रोग्राममध्ये भरली जात नाही, प्रोग्राम चालताना जोडली जाते. ती कुठेही लिहिली तरी लिंकर तिची नावं धरून ठेवत असे, म्हणून '-एलएम' आधी लिहूनही वर्षानुवर्षं निभावलं. मग 2011 मध्ये उबुंटू 11.10 ने 'ॲज-नीडेड' हा पर्याय आपोआप चालू केला: त्या क्षणापर्यंत गरज पडली नसेल, तर शेअर्ड लायब्ररीसुद्धा सोडून द्यायची. कालपर्यंत बिनबोभाट बनणारे प्रोग्राम अडू लागले. त्यात आणखी एक गंमत: 'पॉव'ला दोन आणि दहा हे आकडे थेट दिले, तर जीसीसी स्वतःच 1024 हे उत्तर लिहून मोकळा होतो आणि लायब्ररी लागतच नाही. आकड्यांच्या जागी चल आले, की तक्रार सुरू.

प्रोग्राम कसा बनवायचा हे 'मेक' या साधनाला सांगणारी मेकफाइल लिहिणाऱ्यांचा घोळही याच जातीचा. जीएनयू मेकच्या ठरलेल्या नियमात 'एलडीफ्लॅग्ज' या चलातल्या गोष्टी ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात आणि 'एलडीलिब्ज'मधल्या नंतर. '-एलएम' दुसऱ्यातच हवं.

दोन स्टॅटिक लायब्ऱ्या एकमेकींना मागत असतील, तर कुठलाच सरळ क्रम पुरत नाही. मग एक लायब्ररी दोनदा लिहायची, किंवा दोन्हींना 'स्टार्ट-ग्रुप' आणि 'एंड-ग्रुप' या लिंकरच्या पर्यायांमध्ये ठेवायचं. नवीन काही सुटेनासं होईपर्यंत लिंकर त्या गटात फिरत राहतो. पूर्ण स्टॅटिक, म्हणजे सगळ्या लायब्ऱ्या पोटात घेतलेला, प्रोग्राम बनवताना जीसीसी स्वतःच्या मदतनीस लायब्ररीला आणि सीच्या मूळ लायब्ररीला असंच एका गटात बांधतो.

तक्रार आली, तर निदान कळतं तरी. दोन लायब्ऱ्यांत एकाच नावाचं फंक्शन असेल, तर सहसा आधी भेटलेलं घेतलं जातं आणि दुसऱ्याकडे कुणी पाहतही नाही. क्रम बदलला तर प्रोग्राम बिनतक्रार बनतो, पण वागतो वेगळा. मेमरी वाटणारं स्वतःचं 'मॅलॉक' मूळ लायब्ररीच्या आधी देऊन हाच नियम लोक मुद्दाम वापरतातही.

एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाचा 'एलएलडी' हा नवा लिंकर मागे पडलेल्या गाठोड्यांतली नावंही लक्षात ठेवतो, त्यामुळे क्रम चुकला तरी तो बहुधा सांभाळून घेतो. पण तिथे बनलेला प्रोग्राम जुन्या एलडीवर अडतो. म्हणून एलएलडीतच 'वॉर्न-बॅकरेफ्स' असा पर्याय आहे: मागे वळून नाव आणावं लागलं, की तो तसं सांगतो.