कुंडीतले ख्रिसमसचे झाड आणि त्याची मोडलेली झोप

थंड प्रदेशांत नाताळासाठी कुंडीतले जिवंत झाड घरात आणले जाते, सण सरल्यावर ते बाहेर ठेवले जाते आणि वसंत ऋतू येईपर्यंत त्याची सुईसारखी पाने तपकिरी पडतात. झाड थंडीने मेले, असा निष्कर्ष मग काढला जातो. परंतु नाताळासाठी आणले जाणारे स्प्रूस आणि फर हे सूचिपर्णी वृक्ष मूळचे बर्फाळ प्रदेशांतले आहेत. त्यांना थंडी का बाधावी?

याचे उत्तर त्यांच्या हिवाळी सुप्तावस्थेत आहे, आणि ती मला वनस्पतींच्या जीवनातील सर्वांत विलक्षण तयारी वाटते. शरद ऋतूत रात्री लांबू लागल्या की फायटोक्रोम नावाच्या प्रकाशसंवेदी रंगद्रव्यामुळे झाडाला ऋतुबदलाची चाहूल लागते, वाढ थांबते आणि शेंड्यांचे अंकुर खवल्यांच्या आड बंद होतात. पुढे पारा उतरत जातो तशी पेशींमध्ये शर्करा साठते आणि पेशीपटलांतील मेदाम्लांचे प्रमाण बदलून ती गारठ्यातही लवचिक राहतात. तापमान गोठणबिंदूखाली गेले की बर्फ होतोच, पण तो पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत होतो. हा बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो, आतला रस घट्ट होतो आणि घट्ट रसाचा गोठणबिंदू आणखी खाली जात असल्यामुळे पेशीच्या आत घातक स्फटिक तयार होत नाहीत. म्हणजे थंडी सोसणे हे पेशीच्या पातळीवर बऱ्याच अंशी कोरडेपणा सोसणेच आहे.

ही तयारी पूर्ण व्हायला कित्येक आठवडे लागतात. ती मोडायला मात्र 20 अंश सेल्सिअसच्या खोलीतले काही दिवस पुरतात. असे जागे झालेले झाड कडाक्याच्या थंडीत एकदम बाहेर ठेवले, तर ते निःशस्त्र असते. म्हणून घरातला मुक्काम 7 ते 10 दिवसांचाच असावा, आणि येताना व जाताना झाडाला काही दिवस उष्णता नसलेल्या पडवीत ठेवावे. हीटरपासून ते दूर असावे, माती ओलसर असावी, पण तबकात पाणी साचू नये. पाण्यात साखर किंवा ॲस्पिरिन घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याला आधार नाही. खतही या काळात देऊ नये.

मुळे फांद्यांइतकी काटक नसतात. जमिनीत त्यांना मातीची ऊब मिळते, कुंडीत मात्र चहूबाजूंनी गारठा लागतो. त्यामुळे बाहेर ठेवलेली कुंडी पेंढ्याने किंवा गोणपाटाने गुंडाळावी.

निवडताना झाड लहान आणि पहिल्यापासून कुंडीतच वाढलेले घ्यावे. कुंडी कलती करून पाहिल्यास अशा झाडाच्या मातीचा गोळा बारीक मुळांनी बांधलेला दिसतो. शेतातून उपटून कुंडीत बसवलेल्या झाडाची माती सुटी असते आणि जाड मुळे तोडलेली असतात. जिथे हिवाळाच सौम्य आहे, तिथे प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरचा अरौकेरिया हा सूचिपर्णी वृक्ष अधिक योग्य ठरतो. त्याला थंडीतल्या सुप्तावस्थेची गरज नसते, त्यामुळे भरपूर उजेडाच्या खिडकीशी तो वर्षभर घरातच राहू शकतो.